दगडाखालचा कोड

आमच्या ऑफिसात कोड तपासायला दगड लागायचा.

दगड म्हणजे खराच दगड. काळा, मुठीत मावेल न मावेल एवढा, एका बाजूनं कपचा उडालेला. शीलाताई नगराळेंच्या टेबलावर तो उजव्या हाताशी असे आणि डाव्या हाताशी पितळेची छोटी बुद्धमूर्ती. नवा माणूस आला की मूर्ती बघून निश्चिंत होई. दगडाकडे त्याचं लक्ष जरा उशिरा जाई.

वणीत टायरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर घणाचे घाव, वर शीलाताई. काळे साहेबांची ही कंपनी म्हणजे सहा माणसं आणि एकच माल: वजनकाट्याचं सॉफ्टवेअर. कोळशाचे डेपो, कापसाचे जिनिंग, जिथे कुठे गाडी लोखंडी प्लेटवर उभी राहते आणि काचेच्या केबिनमधला ऑपरेटर तिचं वजन घेतो, तिथे आमचा प्रोग्राम चाले. मी पुण्यात दीड वर्ष नोकरी करून परत आलो होतो. म्हणजे आपल्याला सगळं येतं, फक्त गावाला कळत नाही, अशा समजुतीत होतो.

सगळं जग कोड स्क्रीनवर तपासतं. शीलाताईंना तो कागदावर लागे. काट्याच्या पावत्यांचा, दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद ऑफिसात ढिगानं पडलेला असे, त्यावर छापून आणायचा. मग ज्यानं लिहिला त्यानं त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचून, ती काय करते ते आईला सांगावं तसं सांगायचं. त्या डोळे मिटून ऐकत. काही खटकलं की डोळे न उघडता दगड उचलून टेबलावर आपटत. थाड! त्या जागेवर टेबलाच्या फळीला वाटीएवढा खड्डा पडला होता. पसंत पडलेला कोड दगडाखाली जाई. तो दगडाखाली गेला की पास, दुसरी कुठली सही नाही की शिक्का नाही. दुपारी डबा उघडला की त्याच दगडानं त्या कांदा फोडत, त्यामुळे आमच्या पास झालेल्या प्रत्येक कागदाला कांद्याचा वास असे.

माझी पहिली तपासणी मला अजून आठवते. मी एका ओळीवरून जरा भरभर पुढे गेलो. थाड.

"थांब. हे काहून चालते?"

"चालतं ताई. टेस्ट केलंय मी."

त्यांनी डोळे उघडले. हाताशी स्टीलचा पाण्यानं भरलेला ग्लास होता. तो त्यांनी उचलला आणि माझ्या अंगावर भिरकावला. माझ्या कानाला वारा लागला, ग्लास मागच्या भिंतीवर आदळला आणि माझी पाठ भिजली.

"हाबी टेस्टच होता," त्या म्हणाल्या. "लागला नाई तुले. मंग काय, पास म्हनू?"

मी घरी जाऊन नोकरी सोडतो म्हणून सांगितलं. आई म्हणाली, बाई चांगली दिसते. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा टेबलावर माझ्यासाठी एक फोडलेला कांदा ठेवलेला होता. माफी वगैरे त्यांच्या तोंडात कधी आली नाही.

त्या हात उचलत हे सगळ्या वणीला माहीत होतं. एकदा एका जिनिंगच्या मालकाचा भाचा ऑफिसात आला. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. गोड बोलून म्हणाला, कीबोर्डवर एखादं गुपचूप बटण द्या, दाबलं की दर गाडीमागे दहा किलो कमी दाखवील. काळे साहेब खुर्चीत चुळबुळ करायला लागले. शीलाताईंनी शांतपणे विचारलं, "कोन्या बोटानं दाबशीन?" त्याला वाटलं काम झालं. हसत हसत त्यानं उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर ठेवून दाखवली. दगड खाली आला. मी तो आवाज ऐकला आहे, त्याचं वर्णन करायची माझी इच्छा नाही. ठाण्यात तक्रार झाली. ठाणेदारानं विचारलं, बाई, बोटं का मोडली? या म्हणाल्या, "साहेब, मी त्याले विचारूनच मोडली. त्यानंच दाखवली." पुढे काळे साहेबांनी मध्ये पडून ते प्रकरण मिटवलं. भाचा पुन्हा आला नाही, आणि ते गिऱ्हाईकही गेलं. साहेब आठ दिवस बोलत नव्हते. शीलाताईंना ते लक्षातही आलं नाही.

त्यांच्या दोन अटी होत्या आणि त्यापुढे साहेबांचंही काही चालत नसे. पहिली म्हणजे ज्या केबिनला मागून दुसरं दार नाही, तिथे आमचा प्रोग्राम लागणार नाही. गिऱ्हाईक म्हणे, बाई, सॉफ्टवेअर घेऊन राह्यलो का घर बांधून राह्यलो? त्या म्हणत, "दार पाड, मंग बोल." दुसरी अट अशी की ऑपरेटरच्या स्क्रीनवर अगदी खाली, प्रोग्राम कोणी तपासला त्याचं नाव दिसलंच पाहिजे. जिल्ह्यातल्या चाळीसेक केबिनमध्ये रोज ती ओळ चमकत असे: तपासणारी, शीला नगराळे.

मी एकदा म्हटलं, "ताई, हे नाव कशाला? जाहिरात करायची तर कंपनीची करा."

"जाहिरात नाई लेका. काट्यावर मार कोनाले पडते? केबिनीत बसला त्याले. त्यानं काय केलं रायते? कायबी नाई. तं त्याले दाखवता आलं पायजे का बाप्पा, मले नोका मारू, हिले मारा."

मला तेव्हा ते बोलणं नाटकी वाटलं होतं. दगडाची गोष्ट मला ठाऊक नव्हती.

ती मला त्यांनी स्वतः सांगितली, आणि तीही प्रोग्राम हळू चालतो म्हणून मी कुरकुरलो तेव्हा, माझ्यावर चिडून. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्या वणीजवळच्या एका कोळशाच्या डेपोवर काट्याच्या केबिनमध्ये पावत्या फाडायचं काम करत. ऑपरेटर होते शेषराव. ऑफिसातले काही जण म्हणत की ते यांचे नवरे होते. नव्हते. कॉम्प्युटरवर बोटं कशी ठेवायची हे यांना शिकवणारा तो माणूस होता, बस. तिथला प्रोग्राम दुसऱ्या कुणाचा तरी होता. त्यात वजन घेणं, गाडीचा फोटो काढणं, पावती छापणं सगळं एकाच पोटात कोंबलेलं. उन्हाळ्यातली दुपार, ट्रकची ओळ पार डांबरी रस्त्यापर्यंत गेलेली, आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला. कागद अडकला म्हणून छपाई थांबली, छपाई थांबली म्हणून सगळा प्रोग्राम थांबला, काटाच बंद. शेषराव बटणं दाबत राहिले. बाहेर ड्रायव्हर आधी हॉर्न वाजवत होते, मग केबिनच्या काचेवर थापा मारायला लागले.

"पयला दगड मले लागला," शीलाताई म्हणाल्या आणि ब्लाउजच्या गळ्याजवळ हाडाला बोट लावलं. तिथे हाड वेडंवाकडं जुळलेलं होतं. "दार एकच होतं. त्याच दारातून ते आत आले अन् त्याच दारातून शेषरावले बाहेर नेलं. टॉमीनं मारलं त्याले. टायर खोलायची टॉमी. मी टेबलाखाली होतो. त्याच्या चपला मले दिसून राह्यल्या होत्या, एक हालून राह्यली होती, एक नाई."

शेषराव तिसऱ्या दिवशी गेले. शीलाताई तोच दगड पदरात बांधून घरी आल्या. मग यवतमाळला जाऊन वयाच्या तिसाव्या वर्षी पोरासोरांच्या वर्गात बसून प्रोग्रामिंग शिकल्या. आमच्या कंपनीचं काट्याचं सॉफ्टवेअर त्यांनी एकटीनं लिहिलं, आणि ते लिहिताना सगळी कामं वेगळी ठेवली. मुख्य प्रोग्राम फक्त हाक मारणार. वजन वाचायचं असलं की त्या कामाचा छोटा प्रोग्राम बाहेरून बोलवायचा. तो सुरू होणार, वजन सांगणार, बंद होणार. फोटोचा वेगळा, पावतीचा वेगळा. दर गाडीला नव्यानं बोलावणं. एखादा अडकला तर त्याला मारून टाकायचं आणि काटा चालू ठेवायचा.

"जलमू दे, काम करू दे, मरू दे," त्या म्हणत. "मेला तं एकटा मरू दे. बाकीच्याले संगं नोको नेऊ."

दोष होता तो एकच, हे सगळं फार हळू चालायचं. काट्यांवरचे कॉम्प्युटर म्हातारे. एकेका छोट्या प्रोग्रामला उठून उभं राहायलाच दोन-तीन सेकंद लागत. असे सहा प्रोग्राम. वजनाला लागणाऱ्या वेळेपेक्षा वाट बघण्यातच जास्त वेळ जाई. आता माझं काय चुकलं ते मी लपवणार नाही, पण माझी बाजूही सांगतो. घाटंजीच्या जिनिंगवर मारोती आत्राम नावाचा ऑपरेटर होता. किडकिडीत, लाजरा, सोमवारी वणीला आला की माझ्यासाठी रुमालात बोरं बांधून आणणारा. त्यानं मला सांगितलं, "साहेब, लवकर चालन असं काही करा नं. कापसाच्या सीझनमधी गाड्यायची ओय लागते अन् लोक मले मायबहिनीवरून शिव्या देते. मांगच्या साली एकानं माया शर्टाची गच्ची पकडली."

म्हणून मी ते काम हाती घेतलं. आमच्या धंद्यात याला रिफॅक्टरिंग म्हणतात: प्रोग्रामचं काम तेच ठेवायचं, आतली मांडणी बदलायची. ते सहाही छोटे प्रोग्राम बाहेरून बोलावण्याऐवजी मी मुख्य प्रोग्रामच्या पोटात फंक्शन म्हणून घेतले. बाहेर हाक मारायला नको, कुणी नव्यानं उठायला नको. सोळा सेकंदांचं काम दोनवर आलं. मी महिनाभर खपलो होतो. कागदाची चळत घेऊन शीलाताईंसमोर उभा राहिलो तेव्हा माझी छाती फुगलेली होती.

तपासणी तीन दिवस चालली. पहिल्या दिवशी दगड एवढ्यांदा आपटला की खालच्या टायरवाल्यानं वर येऊन विचारलं, "बाई, आमचा धंदा तुमीच करून राह्यल्या का?"

फोटोच्या कामाशी मी वाचलं, "कॅमेरा सापडला नाही तर बंद हो."

थाड. "कोन बंद हो?"

"हाच. फोटोचा."

"तो बाहेर राहात होता तवा तो बंद होत होता. आता त्याले तू घरात घेतलं नं? मंग तो एकटा कसा जाईन? घर पेटवून जाते तो. सारा काटा बंद होते तुया."

डोळे मिटून बसलेल्या बाईला हे दिसलं आणि महिनाभर डोळे फाडून बसलेल्या मला दिसलं नव्हतं. मला भयंकर राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. मी कागद टेबलावर फेकला. त्यांनी उठून माझ्या कानशिलात भडकावली, कागद माझ्या हातात परत दिला आणि बसल्या. "वाच पुढं." अशा चौदा चुका निघाल्या. एकेक दुरुस्त करून मी पुन्हा उभा राहायचो. तिसऱ्या दिवशी सहापैकी पाच कामं दगडाखाली गेली, आणि खरं सांगतो, मला दहावी पास झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

सहावं काम होतं रिकाम्या वजनाचं. ते असं. कापूस भरलेली गाडी तोलली की त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करावं लागतं. नेहमीच्या गाड्यांचं रिकामं वजन यादीत लिहून ठेवलेलं असतं. ऑपरेटर गाडीचा नंबर टाकतो, छोटा प्रोग्राम यादीत बघून आकडा देतो. मी ती पानं वाचली. दगड वाजला नाही, पण कागद दगडाखालीही गेला नाही. शीलाताई कपाळ चोळत बसल्या.

"हा बाहेरच राहू दे."

"का? यात चूक काय आहे?"

"मले सांगता येऊन नाई राह्यलं. वास येऊन राह्यला. पुढच्या सीझनले पाहू."

"ताई, सगळ्यात हळू हाच आहे. हाच बाहेर ठेवला तर बाकीच्याचा उपयोग काय? वास येतो म्हणजे काय कारण झालं?"

"नाई म्हनलं नं तुले."

कारण न देता नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. आपण तीन दिवस मार खाल्ला, चौदा चुका मान्य केल्या, आणि आता या बाईचा हट्ट. शिवाय मारोतीला मी शब्द दिला होता. त्या घरी गेल्यावर मी खुर्चीत बसलो आणि पास झालेल्या पाच कामांना सहावंही आत जोडून दिलं. वीस मिनिटं लागली. दहा गाड्यांचे नंबर टाकून बघितले, दहाही आकडे बरोबर आले. दहाही नंबर यादीतले होते, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

स्क्रीनच्या तळाची ओळ मी बदलली नाही. तपासणारी, शीला नगराळे. पाच कामं तर त्यांनी तपासली होतीच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

नवा कोड ज्या दिवशी लागे त्या दिवशी त्या स्वतः केबिनमध्ये ऑपरेटरच्या बाजूला बसत. घाटंजीला आम्ही दोघं सकाळीच पोचलो. पर्समधून दगड काढून त्यांनी मारोतीच्या टेबलावर ठेवला आणि आधी मागचं दार बघितलं. दाराला बाहेरून सरकीची पोती लावून ठेवलेली. त्यांनी जिनिंगच्या सुपरवायझरला अशा शिव्या घातल्या की हमाल काम सोडून बघायला आले. पोती हलली, मगच काटा सुरू झाला.

काटा पळत होता. गाडी चढली, नंबर टाकला, पावती बाहेर. मारोती माझ्याकडे बघून हसत होता. शीलाताईंनी एकदा घड्याळ पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला बारीक आठी पडली. पाच कामं आत घेऊन एवढा वेळ वाचायला नको, हा हिशेब त्या मनात करत असणार. मी नजर चुकवली.

साडेअकराला एक पांढरी पिकअप आली. तिथे पहिल्यांदाच येणारी, यादीत तिचा नंबर नव्हता. जुन्या पद्धतीत काय झालं असतं? छोटा प्रोग्राम नव्यानं उठला असता, कोरी पाटी घेऊन. यादीत नंबर मिळाला नाही म्हणून त्यानं पाटी कोरीच परत दिली असती आणि मुख्य प्रोग्रामनं सांगितलं असतं, गाडी रिकामी करून तोला. पण आता तो उठतही नव्हता आणि मरतही नव्हता. तो आतच राहत होता आणि त्याच्या पाटीवर आधीच्या गाडीचा आकडा तसाच होता. आधीची गाडी होती मोठी, रिकामीच एकवीसशे किलोची. तोच आकडा त्यानं या लहान गाडीतून वजा केला आणि कापूस दाखवला नऊ क्विंटल.

शीलाताईंना आलेला वास तो हाच होता.

गाडीवाला पावती घेऊन गेला आणि दोन मिनिटांत परत आला. "मी रस्त्यात धरमकाट्यावर तोलून आनलं. तेरा क्विंटल होतं. नऊ कसं झालं बे?"

मारोती चाचरत म्हणाला, "भाऊ, काटा तं बरोबर..."

"चार क्विंटल खाल्ले! काटा मारून राह्यले हे!"

तो माणूस खोटं बोलत नव्हता. वर्षभराचं त्याचं पीक त्या गाडीत होतं, आणि ओळीतल्या सगळ्यांचंच तसं होतं. वीस-पंचवीस माणसं केबिनभोवती गोळा व्हायला किती वेळ लागतो? एक हॉर्न वाजवण्याएवढा. काच फुटली ती आधी मला कळलीच नाही, फक्त मानेवर काहीतरी टोचलं. समोरच्या दारातून दोघं आत आले. पांढऱ्या गाडीवाल्यानं मारोतीची गच्ची पकडली आणि त्याचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, एकदा, दोनदा. मारोतीच्या नाकातून रक्त कीबोर्डवर पडलं. मी काय केलं? मी प्रिंटरच्या मागे भिंतीला चिकटलो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मी तेच केलं.

तिसऱ्यांदा डोकं खाली यायच्या आत शीलाताईंनी दगड उचलून त्या माणसाच्या मनगटावर हाणला. तो ओरडून मागे झाला. "मांगच्या दारानं!" त्या माझ्यावर किंचाळल्या. मी मारोतीला काखेत धरून मागच्या दारापर्यंत ओढलं. दार उघडलं. बाहेर हमाल उभे होते, त्यांनी त्याला झेललं. ती पोती सकाळी हलली नसती तर मारोती आज नसता, हे मी शपथेवर सांगतो.

"प्रफुल, तू इकडं ये. बस इथं."

मारोतीच्या खुर्चीत मी बसलो. खुर्चीवर काचा होत्या. शीलाताई फुटलेल्या खिडकीतून ओरडल्या, "गाडी काढा काट्यावरून! कोन खोटं बोलते ते दाखवतो मी!" त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, कुणीतरी पिकअप मागे घेतली. त्या बाहेर गेल्या आणि चालत जाऊन प्लेटच्या मधोमध एकट्या उभ्या राहिल्या. हातात दगड.

"यादीत नसलेला नंबर टाक. कोनताबी. अन् काय दिसते ते यायले वाचू दे."

मी नंबर टाकला. एक म्हातारा माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीनवर बघत होता. त्यानं मोठ्यानं वाचलं, "बाईचं वजन, उणे दोन हजार चाळीस किलो."

कुणी हसलं नाही.

"काटा बरोबर आहे," प्लेटवरून त्या म्हणाल्या. "तुमचा कापूस कोनं खाल्ला नाई. प्रोग्राम चुकला. मांगच्या गाडीचं वजन पुढच्या गाडीतून काटून राह्यला. त्या पोराची चुकी नाई."

गर्दीतून एक आवाज आला, "मंग चुकी कोनाची? कोनं केलं हे?"

त्यांनी मान वळवून केबिनकडे पाहिलं. आधी स्क्रीनकडे, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं होतं. कोणतं काम आत घेतलं, कधी घेतलं, कुणी घेतलं. मी मान खाली घालून कीबोर्डवरचं रक्त बघत राहिलो. त्यांनी दोन श्वासांएवढी वाट पाहिली असेल.

"खाली नाव लिवून आहे पाहा," त्या म्हणाल्या. "वाचा नं बाबा."

म्हाताऱ्यानं वाचलं, "तपासणारी, शीला नगराळे."

"मीच आहो ते."

टॉमी कुणाच्या हातात होती ते पुढे पोलिसांनाही नीट कळलं नाही. मला फक्त ती वर गेलेली दिसली, आणि मग शीलाताई प्लेटवर आडव्या. ज्यांनी काच फोडली त्यांनीच मग मारणाऱ्याला धरलं, पाणी आणलं, पिकअपमधला कापूस उपसून त्यांच्या डोक्याखाली दिला. तो पांढऱ्या गाडीवालाच मोडका हात धरून रडत होता. मी स्क्रीनसमोर तसाच. लोक प्लेटवर धावून येईपर्यंत आकडा बदलला नव्हता, उणे दोन हजार चाळीस. उभ्या माणसाचं आणि पडलेल्या माणसाचं वजन सारखंच भरतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. यवतमाळच्या दवाखान्यात, बाविसाव्या दिवशी. नंतर त्या फुलसावंगीला बहिणीकडे गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. बोलणं नीट कळत नाही म्हणून फोन घेत नाहीत, असं बहीण सांगते. मारोतीच्या भुवईवर आठ टाके आहेत, तो अजून त्याच काट्यावर बसतो.

दवाखान्यात जाताना मी दोन गोष्टी नेल्या, दुरुस्त केलेला कोड आणि दगड. दगड मला प्लेटवर सापडला होता. त्यांचा जबडा तारांनी बांधलेला होता, अर्धा चेहरा काळानिळा. त्यांनी मला पाहिलं, कागद पाहिला, आणि हाताच्या एका बोटानं वर खूण केली. उभा राहा.

दुपारची भेटायची वेळ, वॉर्डात माणसंच माणसं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून वाचायला लागलो. वजन घेणं. फोटो. पावती. त्यांनी डोळे मिटले होते. रिकाम्या वजनाशी आलो. ते मी पुन्हा बाहेर काढलं होतं. मी कागद खाली केला.

"ताई, तो मी आत घेतला होता. तुम्ही नाही म्हटल्यावर. नाव तुमचंच राहू दिलं. आणि त्या दिवशी..."

मी उशाजवळ ठेवलेला दगड त्यांनी उचलून खाटेच्या लोखंडी पट्टीवर हाणला. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला, नर्स ओरडली. डोळे मिटलेलेच. बोटानं खूण, पुढे.

मी शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या ओळीत "तपासणारी" एवढंच होतं, पुढची जागा मी कोरी ठेवली होती. त्यांनी डोळे उघडून कागद जवळ ओढला. बोट कोऱ्या जागेवर ठेवलं, मग माझ्या छातीवर टेकवलं. "तपासणारी"तला शेवटचा वेलांटीचा फराटा खोडून मी तिथे काना केला आणि पुढे माझं नाव लिहिलं. डाव्या हातानं कागद धरला होता, तो हात तसाच खाटेच्या पट्टीवर होता.

शीलाताईंनी दगड दोन्ही हातांनी उचलला. सलाईनची नळी ताणली गेली. त्यांनी तो कागदावर ठेवला, माझ्या बोटांवर, आणि उरलेल्या सगळ्या ताकदीनं दाबला.

कोड पास झाला होता. मी बोटं काढली नाहीत.